खाडीकांठचें एक लहानसें उद्यान



जुबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं वागळे इस्टेटींतील श्रोत्यांपुढें खाडीचा विषय काढावा, याचें कोणास नवल वाटेल. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि आपल्या वस्तीची ओळख कारखान्यांशीं जडली. परंतु ठाणें हें मूळचें खाडीकांठचें गांव. येथील नाल्यांचें पाणी अखेर खाडीलाच मिळतें. म्हणून खाडीचें बरेंवाईट तें आपलेंही बरेंवाईट होय.

ज्या उद्यानाविषयीं बोलावयाचें आहे तें माहीम व धारावी यांच्या मध्यें, मिठी नदीच्या कांठीं आहे. त्यास महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणतात. क्षेत्रफळ अवघें ३७ एकर. पूर्वीं तेथें शहराचा कचरा टाकीत असत. १९७७ सालीं तें बंद झालें. पुढें त्या उकिरड्यावर माती पसरून झाडें लावण्याचें ठरलें. १९८३ सालीं पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांच्या हस्तें पहिलें झाड लागलें, आणि १९९४ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें. कचरा टाकणें एका दिवसांत थांबवितां येतें. त्या जागीं रान उभें राहून लोकांस खुलें व्हावयास सतरा वर्षें लागलीं. पालापाचोळा कुजून माती झाली, मातींत किडेमुंग्या आल्या, त्यांच्यामागोमाग पांखरें आलीं. रोपें माणसानें लावलीं. पुढचें काम निसर्गानें केलें.

नदीच्या बाजूस तिवरांची झाडी आहे. चिखलांत मुळांस हवा मिळत नाहीं, म्हणून तिवराचीं बोटाएवढीं श्वासमुळें चिखलाबाहेर डोकें काढितात. अंगांत शिरलेलें मीठ तें पानांवाटें बाहेर टाकितें. त्या मुळांच्या दाटींत गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो, आणि कोळंबी, खेकडे व माशांचीं पिलें आसरा घेतात. कोळी बांधवांच्या जाळ्यांत जें येतें, त्यांतील पुष्कळांचें बाळपण अशा चिखलांत गेलेलें असतें.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीनें हाहाकार केला. नदीस पसरावयास जागा ठेविली नाहीं, तर ती आमच्या घरांत जागा शोधते, हें तेव्हां सर्वांस कळलें. तरीही धारावीच्या पुनर्विकासांत हें उद्यान जातें कीं काय, अशी चिंता पुढें उत्पन्न झाली. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि तें योजनेबाहेर असल्याचें २०२३ सालीं तेथें सांगण्यांत आलें. कित्येक वर्षांच्या श्रमानें वाढलेलें रान कागदावरील एका रेघेनें धोक्यांत येऊं शकतें, म्हणून नागरिकांनीं जागरूक राहिलें पाहिजे.

आपल्या ठाणें खाडीच्या एका भागास २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें, व २०२२ सालीं तिचें नांव रामसर पाणथळींच्या जागतिक यादींत आलें. हा मान मोठा आहे. परंतु आमच्या नाल्यांतून वाहत जाणारें प्लास्टिक भरतीबरोबर तिवरांच्या मुळांत अडकतें, त्यास यादीनें आळा बसत नाहीं. तो आपणच घातला पाहिजे.

माझी विनंती एवढीच: जुबिलीच्या या वर्षीं पॅरिशच्या मुलांस एकदां त्या उद्यानांत न्यावें. उकिरड्याचें रान होतें हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, म्हणजे आपल्या गल्लींतील नाला हा नाला नसून खाडीचें तोंड आहे, हें त्यांस निराळें शिकवावें लागणार नाहीं.