डोक्यांतील आगगाडी

इ. स. १९३६ च्या मार्च महिन्यांतील एक सायंकाळ. हंगेरीचा लाडका विनोदी लेखक फ्रिद्येश कारिंती हा बुडापेस्ट शहरांतील एका कॅफेमध्यें आपल्या नेहमींच्या टेबलाशीं बसला होता. एकाएकीं आगगाडी सुटल्याचा घडघडाट त्याच्या कानीं आला. त्यानें दचकून मान वर केली. पण त्या रस्त्यावर आगगाडी कोठून येणार? भोंवतालची मंडळी निवांतपणें कॉफी पीत होती. पुढेंहि सायंकाळीं त्या गाड्या येऊं लागल्या, तेव्हां त्यांचें स्टेशन आपल्याच डोक्यांत आहे, हें त्याला कळून चुकलें.

मग डोकेदुखी आली, ओकाऱ्या आल्या, घेरी येऊं लागली. कोणी कानाचा विकार म्हटलें, कोणी तंबाखूला दोष दिला. पत्नी स्वतः डॉक्टर असूनहि दुखण्याचें मूळ लवकर सांपडलें नाहीं. डोकेदुखीचें दुर्दैवच असें कीं, ती दुसऱ्यास दिसत नाहीं. ताप आला तर पारा चढतो. कपाळ धरून बसलेल्या माणसानें मात्र पुरावा कोठून आणावा? व्हिएन्ना येथील एका रुग्णालयांत मेंदूंत गांठ झालेला रोगी दृष्टीस पडला, तेव्हां आपलेंहि दुखणें तेंच, हें कारिंतीनें स्वतःच ताडलें.

पुरावा अखेर मिळाला तो डोळ्यांत. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें पुढें आणलेल्या नेत्रदर्शक यंत्रानें बाहुलींतून पाहिलें असतां दृष्टीच्या मज्जातंतूचें टोंक दिसतें. कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तींत गांठ वाढून मेंदूंतील द्रवाची वाट अडली, म्हणजे दाब वाढतो आणि तें टोंक सुजतें. कारिंतीचें तें सुजलेलें होतें, दृष्टि झपाट्यानें मंदावत होती, आणि गांठ लहान मेंदूंत होती.

मे महिन्यांत स्टॉकहोम येथें डॉ. हर्बर्ट ऑलिव्हेक्रोना यांनीं शस्त्रक्रिया केली. रोगी जागा होता; केवळ डोक्याची कातडी बधिर केली होती. साऱ्या शरीराच्या वेदना जाणणाऱ्या मेंदूला स्वतःला कापल्याचें दुःख कळत नाहीं! पालथा पडलेला कारिंती हाडांत शिरणाऱ्या यंत्राची घरघर ऐकत होता. एका क्षणीं त्याला असा भास झाला कीं, आपण वर तरंगत असून आपलाच देह खालीं पाहत आहों.

गांठ घातक जातीची नव्हती, ती निघाली. पुढील दिवस शीण, वेदना आणि प्रतीक्षा यांचे होते. पण दृष्टि वांचली, आणि त्या वांचलेल्या दृष्टीनें त्यानें आपल्या कवटीभोंवतालच्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें. तें १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. १९३८ च्या ऑगस्टमध्यें मेंदूच्या आघातानें तो वारला. शस्त्रक्रियेनें त्याला सव्वादोन वर्षें दिलीं, आणि हें पुस्तक त्यांतलेंच.

१९७१ सालीं लंडनमध्यें प्रथमच एका रोग्याच्या डोक्याचें सी. टी. स्कॅन झालें, तेव्हांपासून कवटीच्या आंत पाहणें पुष्कळ सुलभ झालें आहे. श्रोत्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. बहुतेक डोकेदुखी गांठीमुळें होत नाहीं. परंतु पहांटे उठतांच डोकें दुखावें, ओकारी व्हावी, दिसणें अंधुक व्हावें, असें घरांतील कोणाचें होत असेल, तर “नुसतें डोकेंच तर दुखतें आहे” असें म्हणून त्या माणसास गप्प करूं नये. वेळ न दवडतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें, आणि त्याचे डोळे आंतून तपासून घ्यावे.