कॅमेरा कोठे उभा राहिला?



चित्रपट पाहून घरी परतताना आपण बहुधा कथेची चर्चा करतो आणि नटनट्यांच्या कामाचा बरावाईट हिशेब मांडतो. परंतु वर्ष उलटले, कथेचे धागे विसकटले आणि संवाद पुसट झाले, म्हणजे मनात जे शिल्लक उरते ते एखादे दृश्यच असते. कॅमेरा सुरू झाल्यापासून तो थांबेपर्यंत, मध्ये कोठेही कात्री न लागता जे सलग चित्रण होते, त्याला चित्रपट-व्यवसायात शॉट म्हणतात; दृश्य हा शब्द मी त्याच अर्थाने वापरीत आहे. २०२२ या एका वर्षातील मला विशेष प्रिय असलेली काही दृश्ये आज आपणांपुढे ठेवावीत, आणि ती मनावर का ठसली याची मीमांसा करावी, असे योजिले आहे. कॅमेरा माणसापासून किती अंतरावर उभा केला, किती उंचीवर धरला आणि तेथे किती वेळ थांबवला, या तीन निर्णयांतच दृश्याचे सारे सामर्थ्य साठवलेले असते, अशी माझी धारणा आहे.

आरंभ आपल्या नागपुरापासूनच करू. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. येथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील पोरे पाहिली आणि त्यातून २००१ साली ‘स्लम सॉकर’ या फुटबॉल-उपक्रमाचे कार्य उभे राहिले, हा त्या कथेचा आधार. चित्रण नागपुरात झाले आणि अनेक मुलेही येथल्याच वस्त्यांमधून निवडली गेली. छायालेखक होते सुधाकर रेड्डी यक्कंटी, ज्यांनी त्यापूर्वी ‘सैराट’मधला करमाळ्याकडचा मुलूख आणि ‘नाळ’मधला वैनगंगेचा काठ टिपला होता.

या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा प्रसंग आहे. वस्ती उजळलेली, वाद्यांचा गजर चाललेला, पोरे बेभान होऊन नाचत असलेली, आणि त्या सर्वांच्या वर बाबासाहेबांची भव्य प्रतिमा. पन्नासहून अधिक वर्षे हिंदी पडदा व्यापून राहिलेले अमिताभ बच्चन येथे क्रीडाशिक्षकाच्या भूमिकेत त्या प्रतिमेपुढे हात जोडून उभे राहतात. ज्या नटाला मोठा दाखवण्यासाठी आजवर कॅमेरे खाली बसले, तो येथे चौकटीत लहान दिसतो, आणि त्या लहान दिसण्यातच त्या क्षणाचे मोठेपण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहराच्या रहिवाशाला या चौकटीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. तरीसुद्धा एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या प्रशस्तपणे ती पाहावयास मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

याच चित्रपटाचा शेवट त्याहून अधिक बोलका आहे. या मुलांच्या फुटबॉल-संघाला घेऊन विमान आकाशात झेपावते, आणि खाली एक भिंत दिसते. अलीकडे विमानतळाची हद्द, पलीकडे दाटीवाटीने उभ्या असलेल्या झोपड्या, आणि भिंतीवर लिहिलेले की ही भिंत ओलांडण्यास सक्त मनाई आहे. महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत प्रेक्षकाने आधीच पाहिलेली असते; त्यामुळे अखेरीस तोच मनाईहुकूम नव्या ठिकाणी वाचताना, मूठभर मुले पलीकडे गेली याचा आनंद आणि बाकीची वस्ती जागच्या जागी राहिली याचे शल्य, ही दोन्ही एकाच वेळी मनात उभी राहतात. कोणतेही पात्र तेथे भाषण करीत नाही. ते काम कॅमेऱ्याने घेतलेल्या उंचीने केले आहे.

आता याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण घेऊ. राजामौली यांचा ‘आरआरआर’ त्याच मार्च महिन्यात आला. रेल्वेच्या पुलावर आगीचा डोंब, खाली नदीत अडकलेला एक मुलगा, आणि एकमेकांना न ओळखणारे दोन पुरुष पुलाच्या दोन्ही बाजूंनी दोराला लोंबकळत त्याच्याकडे झेपावतात. के. के. सेंथिल कुमार यांचे छायालेखन असलेल्या या प्रसंगात अतिशयोक्ती आहे, परंतु अव्यवस्था नाही: पूल, आग, पाणी आणि दोर यांचे परस्परांतील स्थान दूरच्या दृश्यांतून आधी पक्के केलेले असल्यामुळे, दोन हात एकमेकांत गुंफले जातात त्या निकटदृश्याच्या क्षणी प्रेक्षक गोंधळत नाही, तर थरारतो. भव्यतेलाही भूगोलाची शिस्त लागते, हा यातला धडा.

तिसरे उदाहरण शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटातले. दिल्लीच्या वजिराबादेत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांची ही हकीकत. २०२२ साली कान महोत्सवात माहितीपटासाठीचे ‘सोनेरी नेत्र’ हे पारितोषिक या चित्रपटाला लाभले. पहिल्याच दृश्यात कॅमेरा जमिनीलगत, अत्यंत संथपणे सरकत राहतो. रात्रीचा अंधार, मागे वाहनांचे दिवे, आणि पुढे उकिरड्यावर वळवळणारे असंख्य उंदीर. किळस येऊन आपण मान फिरवावी तेवढ्यात दृश्य संपत नाही. ते रेंगाळते, आणि रेंगाळल्यामुळेच हे शहर त्या जीवांचेही वसतिस्थान आहे ही जाणीव हळूहळू होऊ लागते. अवधी वाढवला की तिरस्काराचे कुतूहल होते, हे मला या दृश्याने शिकवले.

ही कला मराठी माणसाला परकी नाही. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये, १९३४ साली, केशवराव धायबर यांच्या कॅमेऱ्याने राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा एक डोळा पडदाभर दाखवला होता, आणि प्रेक्षक त्या जवळिकीने हादरले होते. उलट २०२२ मध्येच सचिन कुंडलकर यांनी ‘पाँडिचेरी’ हा संपूर्ण चित्रपट मोबाइल फोनवर चित्रित केला. साधने बदलली, परंतु कोठे उभे राहावे हा प्रश्न तोच राहिला.

म्हणून, श्रोतेहो, पुढच्या वेळी एखादे दृश्य आवडले, तर ते किती खर्चाचे होते एवढ्यावर थांबू नका; कॅमेरा कोठे होता, त्याने कोणाला जवळ घेतले आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवले, याची चौकशी करा. आणि ज्यांच्या खिशात आज कॅमेरा आहे अशा नागपूरच्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, दृश्यांच्या शोधात दूरदेशी जाण्यापूर्वी आपल्या वस्तीची, मैदानाची आणि त्यांच्यामधल्या भिंतीची नीट पाहणी करावी. ‘झुंड’चे सामर्थ्य याच मातीतून उगवले आहे, आणि येथे अजून पाहण्यासारखे पुष्कळ आहे.