गिधाडांची राखण आणि गोठ्यातले औषध



नाशिकजवळचा बोरगड २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. पुढे हरसूल भागात, खोरीपाड्याला, वनखात्याने आदिवासी ग्रामस्थांच्या साहाय्याने गिधाडांसाठी अन्नाची जागा राखली. मेलेले जनावर वाहून तेथे टाकायचे. वरून गिधाडे उतरतात. या श्रमाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात रकाना नाही. मात्र गिधाडे नसल्याची किंमत २०२४ साली फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडली: त्यांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे त्यापायी अधिक दगावली. कुजणारी जनावरे, दूषित पाणी, माजलेली भटकी कुत्री. हे कोणाच्या वस्तीजवळ असते, ते सांगायला नको.

परंतु एका गावाने राखण करून भागत नाही. गिधाड अन्नासाठी दूरवर हिंडते, आणि डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली; तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. कुपी ३ मिलिलिटरची करायला २०१५ उजाडले, आणि तितक्याच घातक केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवर बंदी यायला २०२३.

यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. बैल लंगडू लागला, डॉक्टर जवळ नाही, तर दुकानदार देईल तेच औषध तो घेणार. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. हे नाव आठवडे बाजारात आणि दूध सोसायट्यांत कार्यकर्त्यांनी पोहोचवावे, आणि ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मोफत मिळावे यासाठी मोर्चा काढावा.