सातपुड्याचा भूकंप आणि जगाची नोंदवही

तुकईथड हे गाव सातपुड्याच्या कुशीत आहे. याच सातपुडा प्रदेशात १४ मार्च १९३८ रोजी ६ हून अधिक महत्तेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र कोणी डोळ्यांनी पाहिले नाही. दूरदूरच्या वेधशाळांत लहरी कोणत्या क्षणी पोहोचल्या, त्यावरून ते गणिताने निश्चित करण्यात आले. १९१८ पासूनच्या अशा नोंदींचे संकलन प्रथम ऑक्सफर्ड येथे सुरू झाले; १९६४ पासूनचे कार्य ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे आहे. देशोदेशींच्या नोंदी जुळवून तज्ज्ञ त्या सुमारे २ वर्षांनी तपासतात व मगच अंतिम सूचीत घेतात. तातडीचा आकडा बचावकार्यास उपयोगी पडतो. धरणे, पूल व घरे किती मजबूत असावीत, हे मात्र तपासलेल्या सूचीच्या आधारेच ठरते. क्वचितच हादरणाऱ्या सातपुड्यात म्हणूनच प्रत्येक जुनी नोंद मोलाची आहे.