कोऱ्या रकान्याची गोष्ट



आमच्या युनियनचे चारपानी पाक्षिक मी काढतो. शाळा सातवीत सुटली. लेखक म्हणवून घेण्याची छाती नाही. पण अंक छापखान्यात द्यायच्या आदल्या रात्री, इथे सीताबर्डीच्या कचेरीत, कोऱ्या कागदासमोर घाम मात्र लेखकासारखाच फुटतो!

असाच एकदा अडलो असता एका मयत कामगाराची पत्नी प्रॉव्हिडंट फंडाचा कागद घेऊन दारात आली. "ताई, उद्या या, मी लिहितो आहे," म्हणालो. ती गेली. मी जुनाच ठराव उलटासुलटा करून रकाना भरला. तो कोणी वाचला नाही.

१८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. विषय त्यांच्या डोळ्यांसमोरच होते. सुट्टीवाचून जाणारे आठवडे हा त्यातलाच एक. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली.

ती बाई पुन्हा आली नाही. शेवटी मीच घर शोधत गेलो. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने तिचे पैसे अडले होते. ती सांगत गेली, मी उतरवत गेलो. तासाभरात रकाना भरला. अंक निघाला आणि तसलेच कागद घेऊन अकरा जण कचेरीत आले.