सेवाव्रत आणि हक्काचे वेतन

(महाळुंगे, ता. मुळशी येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



निवासी डॉक्टरांचा संप पुकारला गेला की चर्चा अल्पावधीतच एका प्रश्नावर येऊन थबकते : ही मंडळी सेवेसाठी डॉक्टर झाली की पैशासाठी? प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. डॉक्टरला एकदा लोभी ठरवले की त्याची मागणी ऐकण्याचे कारण उरत नाही. एकदा देवदूत ठरवले की त्याला वेतन देण्याचे कारण उरत नाही. दोन्ही वाटांनी मूळ विषय बाजूलाच राहतो.

महाळुंग्यात हा विषय मांडण्याला एक औचित्य आहे. मुळेच्या काठचे हे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने येथे क्रीडानगरी उभी राहिली, शेजारी हिंजवडीचा संगणक उद्योग वाढला आणि २०२१ साली गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. आज येथे उंच गृहसंकुले आहेत आणि ती बांधणारे मजूरही आहेत. विमा उतरवलेले कुटुंब आजारपणात खासगी रुग्णालय गाठते. संप त्याच्यासाठी वृत्तपत्रातील बातमी असते. परांचीवरून पडलेल्या मजुराला मात्र औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून हाच आधार. ससूनचे दार बंद झाले तर त्याला दुसरे दार नाही. संपावर बोलणारे एक आणि संप भोगणारे दुसरे, हे ध्यानात ठेवूनच पुढील विचार केला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. निवासी डॉक्टर म्हणजे एम.बी.बी.एस. पूर्ण करून एम.डी. किंवा एम.एस.चे शिक्षण घेणारा तरुण. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा रात्रंदिवसाचा भार प्रामुख्याने त्याच्या खांद्यावर असतो. त्याला जे मिळते त्याला वेतन न म्हणता विद्यावेतन म्हणतात, आणि या एका शब्दात त्याची सारी कोंडी आहे. पैसे देताना तो विद्यार्थी ठरतो, काम घेताना कर्मचारी ठरतो आणि संपावर जाताच अत्यावश्यक सेवेतील सेवक ठरून त्याला मेस्मा कायद्याची आठवण दिली जाते. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम सामान्यतः देऊ नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९९२ सालीच सुचवले होते. तीन दशके उलटली तरी ती सूचना मोठ्या रुग्णालयांच्या दारात उभीच आहे.

आता हेतूंविषयी. १२ मार्च २०१७ रोजी धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी अमानुष मारहाण केली. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. रुग्णाला मेंदूच्या शल्यविशारदाची गरज होती आणि तो त्या रुग्णालयात नव्हता. एवढेच सांगण्याचे काम या तरुणाकडे आले होते. उणीव व्यवस्थेची होती, मार त्याने खाल्ला. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. भीती वाटत असेल तर राजीनामे द्या, अशा शब्दांत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सुनावले, आणि त्याच वेळी सुरक्षेबाबत शासनालाही धारेवर धरले. अकराशे सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन मिळाले, ते संपानंतर. डॉक्टरांवरील हल्ल्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करणारा राज्याचा कायदा मात्र २०१० पासून होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील घृणास्पद घटनेनंतर महाराष्ट्रातील निवासी डॉक्टर पुन्हा रस्त्यावर उतरले. या दोन्ही आंदोलनांचे मूळ सुरक्षितता हे होते. त्यांना धनलोभाचे लेबल लावणे हा उघड अन्याय होय.

परंतु मागणी वेतनाची असली म्हणून ती हीन ठरते काय? फेब्रुवारी २०२४ चे उदाहरण बोलके आहे. महिन्याच्या आरंभी पुकारलेला संप आश्वासनावर विश्वास ठेवून मागे घेतला गेला. आश्वासन हवेतच राहिले, तेव्हा २२ तारखेपासून संप सुरू झाला. अवघ्या काही दिवसांत मंत्रिमंडळाने विद्यावेतनात दरमहा दहा हजार रुपयांची वाढ मंजूर केली. जे २५ तारखेला शक्य होते, ते महिन्याच्या आरंभी अशक्य का होते? विनंतीला उत्तर नाही आणि संपाला तत्काळ उत्तर, असा पायंडा पाडणारे शासन संपाची शिकवणी स्वतःच घेत असते.

या वादात आपल्या परंपरेचा दाखला हमखास दिला जातो. धनासाठी वा कामनेसाठी नव्हे, तर भूतदयेने चिकित्सा करणारा वैद्य श्रेष्ठ; चिकित्सेचा बाजार मांडणारा सोने सोडून धूळ गोळा करतो, असा आशय चरकसंहितेत आहे. आदर्श उदात्तच आहे. परंतु तीच संहिता चिकित्सेचे चार पाद सांगते : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. औषध बाहेरून आणावे लागते, परिचारिकांची पदे रिक्त आहेत आणि रुग्णासोबत जमाव चालून येतो, अशा स्थितीत चौथ्या पायाने एकट्याने उभे राहावे, असे चरकाने कोठेही सांगितलेले नाही.

त्यागाचेही एक शास्त्र आहे. पुण्यात शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतलेले डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केले. मोठ्या शहरातील व्यवसायाची वाट त्यांनी सोडली ती स्वेच्छेने, ध्येय म्हणून. १९९३ च्या भूकंपात हेच रुग्णालय जखमींच्या मदतीला उभे राहिले. डॉ. कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. परंतु या उदाहरणाचा मथितार्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्याग स्वीकारावा लागतो. तो दुसऱ्यावर लादला की त्याची वेठ होते. ज्याने स्वतः काहीच सोडलेले नाही, त्याने चोविशीतल्या मुलाला त्यागाचा उपदेश करणे शोभत नाही.

म्हणजे डॉक्टरांनी हवे तेव्हा काम बंद ठेवावे काय? मुळीच नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेत मानवसेवा हा मुख्य उद्देश मानला असून आर्थिक लाभ दुय्यम म्हटला आहे. गिरणी बंद पडली तर मालकाचे नुकसान होते. शासकीय रुग्णालय बंद पडले तर मंत्र्यांचे काहीच अडत नाही, अडते ते परांचीवरून पडलेल्या मजुराचे. ज्याच्याशी भांडण नाही त्यालाच ओलीस धरणारे हत्यार न्याय्य मागणीलाही डाग लावते. इंग्लंडमध्ये मार्च २०२३ पासून कनिष्ठ डॉक्टरांनी उघडपणे वेतनासाठी अनेक संप केले. तेथे कायद्याने पूर्वसूचना द्यावी लागते, आणि संपकाळात तातडीचे विभाग बहुतांशी वरिष्ठ डॉक्टरांनी सांभाळले. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रातही बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवून तातडीची सेवा चालू ठेवली गेली. हीच किमान मर्यादा मानली जावी.

तेव्हा कर्तव्ये तिघांची आहेत. शासनाने विद्यावेतन ठरलेल्या तारखेला द्यावे, महागाईनुसार त्याची वाढ आपोआप व्हावी अशी व्यवस्था करावी आणि रिक्त पदे भरावीत. डॉक्टरांनी मागणी निःसंकोच मांडावी, पण तातडीच्या विभागाचा दिवा कधी विझू देऊ नये. आणि समाजाने? समाजाने डॉक्टरवर हात उगारणाऱ्याला आपला म्हणून पाठीशी घालू नये. शासकीय रुग्णालय हे गरिबांचे, त्याच्याशी आपला संबंध नाही, ही सुखवस्तू कुटुंबांची वृत्तीही सोडली पाहिजे. महाळुंग्यातील गृहसंकुलांमध्ये सुशिक्षित मनुष्यबळाची उणीव नाही. आठवड्यातील दोन तास औंधच्या रुग्णालयात निरक्षर रुग्णांचे अर्ज भरून देण्यासाठी, नातेवाइकांना धीर देण्यासाठी कोणी देऊ केले, तर डॉक्टरांच्या सेवाभावाविषयी बोलण्याचा अधिकार त्याला निश्चित प्राप्त होईल.

सेवा हा शब्द दुसऱ्याला ऐकवण्यासाठी नसतो. तो आधी स्वतःला लावून पाहावा, मग संपकरी डॉक्टरला.