कंपनीचा आवाज, बाईचं नाव

(‘स्त्रिया आणि बदलतं काम’ या विषयावरच्या आमच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सकाळच्या सत्रात विडी कामगार आणि घरकामगार बायकांच्या प्रश्नांवर चर्चा झाली. त्यानंतर मी गेमच्या कंपनीतल्या कामाबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या बाजूला थोडं हसू उमटलं, ते मी ऐकलं. त्यात वावगं काही नाही. माझी आईसुद्धा चार वर्षं शेजारणींना “मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे” एवढंच सांगायची. खेळात कसली आलीय नोकरी, असं तिला वाटायचं. पण खेळ हा खेळणाऱ्याचा असतो. जी तिथे पगारावर बसते तिच्यासाठी ती पाळी असते, वर साहेब असतो आणि महिनाअखेरीला हिशेब असतो. म्हणून आधी हे काम काय आहे ते सांगते आणि मग त्यातला प्रश्न मांडते.

इंटरनेटवरच्या खेळात हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी खेळत असतात. हा खेळ एकदा विकला की संपला, असं नसतं. कंपनी त्यात सतत बदल करत राहते. एखादं हत्यार कमजोर करते, एखादी वस्तू महाग करते. खेळाडूंनी त्यात पैसे घातलेले असतात, रात्री जागवलेल्या असतात. बदल पटला नाही की ती माणसं कंपनीच्या चर्चामंचावर येऊन जाब विचारतात. तिथे कंपनीच्या वतीनं उत्तरं लिहिण्याचं काम मी चार वर्षं केलं.

अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली आला. त्याच्या मंचावर कर्मचाऱ्यांचं लिखाण निळ्या अक्षरांत दिसायचं, म्हणून खेळाडू त्याला ‘ब्लू पोस्ट’ म्हणू लागले. शेकडो चिठ्ठ्यांच्या ढिगात निळं अक्षर दिसलं की सगळे तिकडे धावणार, कारण ते कुणा एका माणसाचं मत नसतं, तो कंपनीनं दिलेला शब्द असतो. तुम्ही “बघतो” लिहिलंत तर लोक “करतो” असं वाचतात. म्हणून आम्हाला शिकवलं जायचं: तारीख सांगायची नाही, वचन द्यायचं नाही, चूक कबूल करायची तर वरून विचारून. आणि काहीही झालं तरी राग दाखवायचा नाही.

या शेवटच्या नियमाला एक नाव आहे, ते मला नोकरी सोडल्यावर कळलं. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या परिचारिकांवर ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. प्रवासी कसाही वागला तरी हसू टिकवणं हा त्या बायकांच्या नोकरीचाच भाग असतो, आणि हे श्रमच आहेत, असं त्यांनी दाखवलं. त्याला त्या भावनिक श्रम म्हणतात. आपल्याला हे नवं नाही. घरात राग गिळायचा, सगळ्यांची मनं सांभाळायची आणि त्याला काम म्हणायचं नाही, हे आपण जन्मभर करतो. कंपनी तेच आपल्याकडून पगारावर करून घेते आणि त्याला “मुलींना बोलायला छान जमतं” असं म्हणते.

आमच्या कंपनीत उत्तरं देणारे आठजण होते: सहा मुली आणि दोन मुलगे. आठहीजण एकाच नावानं लिहायचे, आणि ते नाव मुलीचं होतं. शेजारी हसऱ्या मुलीचं चित्र. का, असं मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, “मुलीचं नाव असलं की लोक जरा सांभाळून बोलतात.” प्रत्यक्षात उलटं होत होतं. खेळ बंद पडला की शिव्या यायच्या. पण त्या खेळाला नसायच्या, त्या नावाला असायच्या, त्या चित्रातल्या मुलीच्या शरीराला असायच्या. दोन मुलग्यांपैकी एकजण एकदा रात्रपाळीत मला म्हणाला, “ताई, बाईला काय काय ऐकावं लागतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.” त्याचं म्हणणं खरं होतं. पण पाळी संपली की तो ते नाव टेबलावर ठेवून घरी जायचा. आम्हाला ते जमत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळाडूंचा राग म्हणजे छळ, असं मी म्हणत नाही. पैसे देणाऱ्यानं जाब विचारलाच पाहिजे. एकदा खरेदीत बिघाड झाला, लोकांचे पैसे कापले गेले आणि वस्तू मिळाली नाही. आम्हाला हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. पण वरून हुकूम आला, “तांत्रिक अडचण आहे, एवढंच लिहा.” दोन दिवस मी तेच वाक्य चिकटवत राहिले आणि लोक पेटत गेले. तिसऱ्या दिवशी मी न विचारता साधं लिहिलं: बिघाड कुठे झाला, कुणाचे पैसे अडकले, आम्हाला अजून काय कळलेलं नाही आणि मी पुन्हा किती वाजता येऊन सांगेन. त्या वेळेला मी परत आले, नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं तरी आले. तासाभरात सूर बदलला. काहींनी आभार मानले. मला मात्र लेखी समज मिळाली.

त्या दिवशी मला हे काम कळलं. कंपनी खरं लपवते आणि पुढे एका मुलीला उभी करते. लोकांना दिसते ती मुलगी. निर्णय तिचा नसतो, माहिती तिच्या ताब्यात नसते, पण तोंड तिचं असतं. मग सगळं तिच्यावर येतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका खेळाडूनं माझं खरं नाव शोधून काढलं. मी त्याला गलिच्छ लिखाणासाठी आठ दिवस बंदी घातली होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा एक जुना फोटो, त्यावरून मी, माझ्यावरून माझी वहिनी. वहिनीच्या फोनवर जे आलं ते मी इथे सांगत नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि “यांना सांगू का?” एवढंच विचारलं. दादाला कळलं, आणि घरात एकच उपाय निघाला: नोकरी सोड. आपल्या मुलींच्या बाबतीत हाच उपाय सगळ्यात आधी निघतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी कंपनीच्या अंतर्गत समितीकडे गेले. तिथल्या बाई सहानुभूतीनं बोलल्या. पण म्हणाल्या, “तो आपला कर्मचारी नाही, ग्राहक आहे. आपल्या कक्षेत येत नाही.” मी मान डोलावून परत आले. कायदा काय म्हणतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि बहुतेक त्यांनाही नव्हतं.

हे फक्त माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांत काय घडलं ते पाहा.

६ जुलै २०१० रोजी ब्लिझार्डनं जाहीर केलं की, यापुढे आपल्या मंचावर लिहिणाऱ्या प्रत्येकाचं खरं नाव आणि आडनाव दिसेल. खेळाडूंचं आणि कर्मचाऱ्यांचंही. खरं नाव असलं की लोक नीट वागतील, असा हिशेब होता. त्यात धोका नाही हे दाखवायला कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं स्वतःचं खरं नाव मंचावर लिहिलं. थोड्याच वेळात लोकांनी त्या नावावरून त्याची खाजगी माहिती शोधून चव्हाट्यावर मांडली. विरोध करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. टोपणनावामागे आपण सुरक्षित आहोत, खरं नाव दिसलं तर माग काढत कुणी दारात येईल, असं त्या सांगत होत्या. ९ जुलैला कंपनीच्या प्रमुखांनी तो निर्णय मागे घेतला. नाव उघडं करण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही, हे त्या तीन दिवसांत दिसलं.

दुसरी घटना जुलै २०१८ ची. ‘गिल्ड वॉर्स २’ हा खेळ करणाऱ्या अरीनानेट कंपनीत जेसिका प्राइस या कथालेखिका होत्या. खेळातल्या पात्राचं लेखन कसं होतं यावर त्यांनी ट्विटरवर स्वतःच्या खात्यावर लिहिलं. एका नामांकित खेळाडूनं सभ्य शब्दांत मतभेद नोंदवला. प्राइस चिडून बोलल्या: माझंच काम मला समजावून सांगू नका, बाई असल्यामुळे हे रोजचं झालं आहे. खेळाडूंमध्ये गदारोळ उठला. दोनच दिवसांत त्यांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्या एका पुरुष सहकाऱ्यालाही कंपनीनं काढून टाकलं, आणि ही बातमी प्रमुखांनी खेळाडूंच्या मंचावर जाहीर केली. त्यांचा शब्द कडक होता, हे मला मान्य आहे. पण जिला घरच्या खात्यावरही एकदा चिडता येत नाही, तिची पाळी सुटते कधी? आणि जमावानं मागितलं की माणूस मिळतो, हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी जमाव काय करेल?

तिसरी घटना वेगळी आहे, म्हणून मुद्दाम सांगते. ‘डेस्टिनी २’ हा खेळ करणाऱ्या बंजी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं एका कृष्णवर्णीय चित्रकाराचं चित्र खेळाडूंसमोर मांडलं. त्यावरून २०२२ मध्ये एका माणसानं त्याला वंशद्वेषी फोन केले, घरी नको ते खाणं पाठवून पत्ता माहीत असल्याचं दाखवलं. इथे कंपनीनं “तो ग्राहक आहे” असं म्हटलं नाही. ती कर्मचाऱ्याच्या बरोबरीनं कोर्टात उभी राहिली. २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयानं त्या माणसाला सुमारे ४ लाख ८९ हजार डॉलर भरायला सांगितले. कर्मचाऱ्याच्या संरक्षणावर कंपनीनं केलेला खर्चही त्यात धरला गेला. म्हणजे हा छळ कामाचाच आहे, हे न्यायालयानं मानलं.

आता आपल्याकडे या. आपला कायदा याबाबत मागे नाही. विशाखा निकालाची सुरुवात कुठून झाली ते आठवा. राजस्थानात भंवरीदेवी साथीन म्हणून काम करत होत्या. १९९२ साली बालविवाह रोखला म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तो करणारे त्यांचे सहकारी नव्हते, साहेब नव्हते. काम त्यांना ज्या लोकांमध्ये घेऊन गेलं त्या लोकांतले होते. माझं दुःख मी त्यांच्या शेजारी ठेवत नाही, तेवढी माझी हिंमत नाही. पण ‘कामामुळे बाहेरच्या माणसाकडून होणारा अत्याचार’ हा प्रश्न या कायद्याच्या मुळाशीच आहे. १९९७ च्या निकालात बाहेरच्या व्यक्तीकडून होणाऱ्या छळाचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की, कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. बाईला पोलिसांत जायचं असेल तर तिला मदत करणं हेही मालकाचं कर्तव्य आहे. पोलिसांकडे जाताना भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लक्षात ठेवा. इंटरनेटवरून केलेला पाठलागही त्यात येतो.

हे मला एका महिला संघटनेच्या सल्ला केंद्रात कळलं. मग आम्ही आठजणांनी मिळून पत्र लिहिलं. दोघा मुलग्यांनी सही केली, हे नमूद करते. काय मिळालं? मुलीचं नाव आणि चित्र गेलं, खेळाच्या नावानं उत्तरं जाऊ लागली. गलिच्छ लिहिणाऱ्याला साहेबांना न विचारता तिथल्या तिथे बंद करण्याचा अधिकार मिळाला. अशा मजकुराची तारीखवार नोंद ठेवली जाऊ लागली. काय मिळालं नाही? माझ्याबरोबर पोलिसांत यायला कंपनीनं माणूस दिला नाही. तो खेळाडू कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. अकरा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. पण दादानं सांगितलं म्हणून नाही, दुसरी मिळाली म्हणून.

हे फक्त खेळांपुरतं नाही. बँकेच्या फोनवर, घरपोच सामानाच्या चौकशीवर, जिथे जिथे कंपनीनं लोकांसमोर एक मुलगी बसवली आहे तिथे हेच आहे. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या केंद्रावर अशी मुलगी आली तर तिला तीन प्रश्न विचारा. तू कुणाच्या नावानं बोलतेस? अंगावर आलेल्या माणसाला थांबवण्याचा अधिकार तुझ्या हातात आहे का? आणि आलेला मजकूर तू जपून ठेवलास की घाबरून पुसून टाकलास? जपला असेल तर तक्रार उभी राहते. मात्र अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावं लागतं. सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते.

आणि एक विनंती आपल्या स्वतःसाठी. वीज गेली, गॅस आला नाही, पैसे कापले गेले की आपणही फोन उचलतो आणि पलीकडच्या मुलीवर ओरडतो. जाब जरूर विचारा, कंपनीला विचारा. पण त्या मुलीला एवढं तरी विचारा की, “बाई, हे तुझ्या हातात आहे का?” बहुतेक वेळा नसतं. ते ज्याच्या हातात आहे त्याचं नाव मागा.